दार लागतं का? वागळे इस्टेटमधल्या एका को-वर्किंग जागेबद्दल

या को-वर्किंग जागेचं, म्हणजे टेबल भाड्याने घेऊन अनेकांनी मिळून वापरायच्या कार्यालयाचं, नाव मी देणार नाहीये, हे आधीच सांगते. पुढे तक्रारी येणार आहेत. त्या मी मॅनेजरला तोंडावर सांगितल्या आहेत आणि त्यातल्या काहींवर त्याने कामही केलंय, त्यामुळे त्याला चव्हाट्यावर आणायचं कारण नाही. शिवाय मी रोज कुठे बसते हे जाहीर लिहिणं माझ्या कामात बसत नाही. ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये, जुन्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत, पासपोर्ट ऑफिसच्या परिसरात, एवढं पुरे. आणि खरं तर नावाने फारसा फरक पडत नाही. अशा जागा सगळीकडे एकाच छापाच्या असतात: पिवळे बीनबॅग, खोटं गवत, भिंतीवर इंग्रजीत 'हसल' (झटत राहा) वगैरे. मी जे तपासलं ते तुम्हाला घोडबंदरला किंवा वाशी-बेलापूरलाही जसंच्या तसं तपासता येईल.

आता काम सांगते, नाहीतर माझ्या तक्रारी म्हणजे नखरे वाटतील. मी मानवी हक्कांच्या क्षेत्रात काम करते. आधी नोकरीत होते, नेपाळ आणि दक्षिण सुदानमध्ये राहून आले. आता जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी कंत्राटावर, ठाण्यात बसून. लोकांना वाटतं हे काम म्हणजे भाषणं आणि मेणबत्त्या. प्रत्यक्षात ते बरंचसं हेडफोन लावून ऐकण्याचं काम आहे. कुणीतरी सांगतं, आपण लिहून घेतो, मग तीच घटना दुसऱ्या, तिसऱ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांकडून पडताळतो. हॉस्पिटलचे कागद, तारखा, उपग्रहाची छायाचित्रं, फोनवर काढलेले व्हिडिओ जुळवतो. न्यायालयासारखा 'संशयापलीकडे' पुरावा आमच्याकडे मागत नाहीत. 'असं घडलं असं मानायला वाजवी आधार आहे' इथपर्यंत पोचावं लागतं. पण त्या एका ओळीपर्यंत पोचायला महिने जातात. आणि या सगळ्यात पहिला नियम एकच: जो आपल्याशी बोलला त्याचं आपल्यामुळे नुकसान होता कामा नये. त्याचं नाव, आवाज, चेहरा, त्याने काय सांगितलं, यातलं काहीही आपल्या हातून बाहेर जाता कामा नये.

त्यामुळे कॉफी कशी आहे, हा माझ्यासाठी प्रश्न क्रमांक सतरा. पहिला प्रश्न: दार लागतं का?

घरी का नाही बसत, हे विचारणारे नौपाड्यात राहत नसावेत. आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासाला गेलीय. सकाळी नऊला ड्रिल सुरू होतं ते संध्याकाळी थांबतं, आणि थांबलं की आईंची मालिका. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत. श्रावण सुरू झाला की ढोल पथकाचा सराव वेगळाच. मी ढोलाच्या विरोधात नाही, पण समोरचा माणूस त्याच्या गावावर पडलेल्या बॉम्बबद्दल सांगत असताना मागे ताशा कडाडणं बरं दिसत नाही.

जागा बघायला गेले तेव्हा मॅनेजर, डोंबिवलीचा चुणचुणीत मुलगा, मला पँट्री दाखवत होता. मी म्हटलं, बंद खोली दाखव. त्याने दोन फोन बूथ आणि चार माणसांची एक छोटी मीटिंग रूम दाखवली. मोठी रूम वीस जणांची, ती सोडून द्या.

बूथ बघताक्षणी आवडला होता. आतून करडं फेल्ट लावलेलं, एक छोटी फळी, एक उंच स्टूल, वर पंखा. पण मी बरोबर मैत्रीण नेली होती. तिला आत बसवलं आणि म्हटलं, पेपरमधली कुठलीही बातमी फोनवर बोलतेस तशा आवाजात वाच. मी बाहेरच्या सगळ्यात जवळच्या टेबलावर जाऊन बसले. महापालिकेच्या पाणीकपातीची बातमी होती. कुठल्या वॉर्डात कुठल्या दिवशी पाणी नाही, ते मला सगळं कळलं. दाराखाली दोन बोटं फट होती आणि पंख्याची जाळी थेट बाहेर उघडत होती. फेल्टमुळे आत आवाज घुमत नाही इतकंच. त्याने आवाज अडत नाही. हा फरक कुणी सांगत नाही. बूथ विकणाऱ्या कंपन्याही गुळमुळीत बोलतात.

हीच परीक्षा छोट्या रूमला लावली. तिथे तीन बाजूंना पक्की भिंत, एका बाजूला काच. कुजबुज ऐकू आली, शब्द नाही. पास. मी तीच डोळ्यांसमोर ठेवून पैसे भरले.

बूथची आणखी एक गंमत नंतर कळली. आतला दिवा हालचालीवर चालतो. माणूस हलला नाही की काही वेळाने दिवा बंद, दिव्याबरोबर पंखाही बंद. सेल्सवाली पोरं हातवारे करत बोलतात, त्यांना कधी कळलंच नसेल. माझं काम म्हणजे न हलता ऐकणं. एका वकिलाशी बोलत होते, तो कोठडीत मेलेल्या माणसाच्या शवविच्छेदनाच्या अहवालातली विसंगती समजावून सांगत होता, आणि मी एकदम काळोखात. मग मी हात वर करून टॅक्सी थांबवावी तसा हलवला, दिवा लागला. तो पलीकडून म्हणाला, काही विचारायचंय का? पुढच्या वेळी पुन्हा काळोख. शेवटी मी बोलता बोलता पाय हलवत बसायला लागले. मॅनेजरला सांगितल्यावर त्याने इलेक्ट्रिशियन बोलावून साधा खटका बसवून घेतला, हे मात्र मानलं पाहिजे. आता त्या बूथमध्ये मुलं फोन चार्जिंगला लावून झोपतात, तो भाग वेगळा.

छोट्या रूमची काच हा दुसरा घोळ. खुर्च्या अशा मांडलेल्या की लॅपटॉप लावायला प्लग हवा तर पाठ काचेकडे. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात माझ्या मागे येणारी-जाणारी माणसं. एका नर्सशी बोलत होते, देश सांगत नाही. ती चांगली बोलत होती आणि मध्येच थांबली. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेलेली. ती म्हणाली, तुमच्या मागे कुणीतरी उभं आहे. तो बिचारा आमच्याच मजल्यावरचा म्युच्युअल फंडवाला होता, रूम कधी रिकामी होणार ते बघत होता. पण हे मी तिला कसं पटवणार? तिच्या गावात काचेतून बघणारा माणूस म्हणजे म्युच्युअल फंडवाला नसतो. त्या दिवशी ती पुढे काहीच बोलली नाही. मुलाखत एकांतात झाली पाहिजे, हे आमच्याकडे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. छळाच्या तपासाची आणि नोंदीची पद्धत सांगणारा इस्तंबूल प्रोटोकॉल १९९९ चा, त्याची सुधारित आवृत्ती २०२२ ची; त्यातही एकांतावर भर आहे. कारण सरळ आहे. ऐकणाऱ्याच्या पाठीमागे कोण आहे हे सांगणाऱ्याला दिसत असतं, आपल्याला नसतं.

त्यानंतर मी चार मीटरची एक्स्टेन्शन वायर गोखले रोडवरून आणली. आता पाठ भिंतीला, तोंड काचेकडे. काचेला मॅनेजरने खालून छातीच्या उंचीपर्यंत दुधी फिल्म लावून दिली. फिल्मवर जागेचा लोगो छापलाय, पण चालेल. सगळ्यात नाजूक बोलणी मात्र मी आजही इथे करत नाही. ती रात्री घरीच, टीव्ही बंद झाल्यावर.

आता कॅमेऱ्याचं. हे प्रत्येकाने वाचा, तुम्ही वकील असा, समुपदेशक असा, सीए असा. छोट्या रूमच्या कोपऱ्यात छताला घुमटासारखा सीसीटीव्ही होता. मी विचारलं, यात आवाज येतो का? "नाही मॅडम, फक्त व्हिडिओ." हे त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की मला शंका आली. मी रूममध्ये फोनवर आकाशवाणीच्या बातम्या लावून ठेवल्या, दार ओढून घेतलं आणि त्याला म्हटलं, चल, रेकॉर्डर दाखव. रिसेप्शनच्या मागे स्क्रीन. त्याने त्या रूमचा चौकोन मोठा केला, कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक केलं आणि बातम्या खणखणीत ऐकू यायला लागल्या. पोरगा माझ्यापेक्षा जास्त दचकला. कारण मालक आणि त्याचा भागीदार हिशेबाचं बोलायला तीच रूम वापरतात. म्हणजे तीस दिवसांची भांडणं त्या डब्यात साठलेली.

त्याच दिवशी सगळ्या कॅमेऱ्यांचा आवाज बंद झाला, आणि छोट्या रूममधला कॅमेरा काढूनच टाकला. छताला भोक राहिलं, त्यावर पांढरी टेप. दिसायला वाईट, पण मला या जागेतली सगळ्यात आवडती गोष्ट तीच. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांत माइक असतोच, आणि बसवणारा तो चालू ठेवूनच जातो. तोंडी उत्तर घेऊ नका, रेकॉर्डर बघा.

रिसेप्शनवरचं भेटीचं रजिस्टर हा अजून न सुटलेला मुद्दा. जाडजूड वही, कुणालाही उघडून वाचता येईल अशी: नाव, फोन, कुणाला भेटायचं, वेळ, सही. मी इथे कुणाला भेटायला बोलावत नाही म्हणून माझं अडत नाही. पण घटस्फोटाच्या वकिलाकडे आलेल्या बाईचा नंबर पुढच्या कुरिअरवाल्याने वाचावा असं कुणाला वाटेल? मॅनेजर म्हणतो, बिल्डिंगच्या सोसायटीचा नियम आहे. मी म्हटलं, नियम वही ठेवायचा आहे, उघडी ठेवायचा नाही. यावर तो हसतो.

वेळांचं गणित इथे बसणाऱ्या इतरांना लागणार नाही, पण परदेशाशी काम करणारे ठाण्यात आता कमी नाहीत. जिनिव्हा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेची वर्षातून तीन नियमित अधिवेशनं होतात: फेब्रुवारी-मार्च, जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. बैठक तिथल्या सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा. म्हणजे जूनमध्ये आपल्याकडे दुपारी दीड ते साडेचार आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. मार्चमध्ये हीच दुसरी बैठक रात्री साडेदहाला संपते. या जागेचा एसी संध्याकाळी सात वाजता केंद्रातून बंद होतो आणि नऊला शटर. 'चोवीस तास प्रवेश' असं जाहिरातीत लिहिलंय. त्याचा अर्थ तुमच्याकडे कार्ड असेल तर शटरच्या बाजूच्या दारातून आत येऊन उकाड्यात बसू शकता. जूनमध्ये पाऊस लागेपर्यंत काचेच्या इमारतीत एसीशिवाय बसून बघा. खिडकी उघडत नाही.

छोटी रूम सलग दोन तासांपेक्षा जास्त देत नाहीत. प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या स्थितीचा जो सार्वत्रिक आढावा जिनिव्हात होतो, त्याला देशामागे साडेतीन तास असतात. हा आढावा २००८ पासून सुरू आहे. भारताचा चौथा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. असा आढावा ऐकताना नोंदी घ्यायच्या, मध्येच सहकाऱ्यांशी बोलायचं, म्हणजे दार हवंच. दोन तास झाले की काचेवर टकटक. मी आता दोन वेगवेगळ्या नावांनी बुकिंग करते, एक माझ्या आणि एक माझ्या कंपनीच्या, जी अर्थात मीच आहे. मॅनेजरला माहीत आहे. तो तिकडे बघत नाही.

शुक्रवारी एमआयडीसीत वीज जाण्याचा योग येतो, देखभालीसाठी. जनरेटर आहे, पण तो दिवे, पंखे आणि वायफायपुरता. जिनिव्हात शुक्रवारी सुट्टी नसते, त्यामुळे मी शुक्रवारी लॅपटॉप भरून येते. वायफायचा वेग उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सगळ्या मजल्याला एकच पासवर्ड, तोही पँट्रीतल्या फळ्यावर खडूने लिहिलेला. संस्थेचं व्हीपीएन (माहिती सांकेतिक करून पाठवणारी जोडणी) असल्यामुळे माझं भागतं, आणि नाजूक काम असलं की मी फोनचा हॉटस्पॉट लावते. तुमच्याकडे दोन्ही नसेल तर ग्राहकांची माहिती त्या वायफायवरून पाठवू नका.

प्रिंटरवर आले की माझा आवाज चढतो. प्रिंटर एकच, पँट्रीच्या वाटेवर. प्रिंट दिली की कागद ट्रेमध्ये येऊन पडतात आणि ज्याचे आहेत तो येईपर्यंत तिथेच. लोक चहा घेता घेता चाळतात. त्यात वाईट हेतू नसतो, आपल्याकडे छापलेला कागद दिसला की वाचायची सवयच आहे. पण आमच्याकडे काही कागद ठरावीक काळ बाहेर जायचे नसतात. उदाहरण देते. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक म्हणून जे स्वतंत्र तज्ज्ञ असतात (त्यांना या कामाचा पगार मिळत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं), ते एखाद्या तक्रारीबद्दल सरकारला पत्र लिहितात. ते पत्र साधारणपणे ६० दिवस गोपनीय राहतं, सरकारला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. नंतर ते जाहीर होतं. असा कागद साठ दिवसांच्या आत वागळे इस्टेटच्या पँट्रीत फिरला तर पत्रात ज्याचं नाव आहे त्याची पंचाईत, आणि माझं तर कामच संपलं.

सुदैवाने त्या प्रिंटरमध्ये पिन टाकल्याशिवाय कागद न सोडण्याची सोय आहे. ती कुणी वापरत नव्हतं. मी सेटिंगमध्ये शोधून काढली, मॅनेजरला दाखवली, आता निदान पाच-सहा जण वापरतात. श्रेडर नव्हता, तो मागितला; सहा महिने 'येतोय मॅडम' चाललं होतं, शेवटी आला तो पट्ट्या कापणारा. पट्ट्या जोडता येतात. तुकडे करणारा घ्या म्हणून सांगितलं होतं. माझे कागद मी घरी नेऊन फाडते.

तसं मी छापतेही कमीच. शब्दमर्यादेशी झुंजताना तेवढं कागदावर घेते. त्या सार्वत्रिक आढाव्यासाठी एखाद्या संघटनेने माहिती पाठवायची तर २,८१५ शब्द. अनेकांनी मिळून पाठवली तर ५,६३०. गावागावांतून गोळा केलेलं सगळं दुःख २,८१५ शब्दांत बसवायचं. इथल्या संघटनांनाही मी कधीमधी मदत करते, आणि त्यांचा मसुदा पहिल्यांदा येतो तेव्हा नुसती प्रस्तावनाच तेवढी असते. तो कापायचा तर लाल पेन आणि कागदच हवा. स्क्रीनवर मजकूर कापायला जीव होत नाही.

टेबलाची जागा निवडताना लोक खिडकी मागतात. मी कोपरा मागितला, भिंतीला पाठ. व्हिडिओ तपासायचे असतात. समाजमाध्यमांवर आलेला व्हिडिओ खराच त्या ठिकाणचा, त्या दिवसाचा आहे का, हे सावल्या, पाट्या, डोंगराची रेघ यावरून काढावं लागतं. त्याचे जागतिक पातळीवरचे नियम आता बर्कली प्रोटोकॉल म्हणून ओळखले जातात, २०२० चे. त्यात तपासणाऱ्याच्या मनाची काळजी घेण्यावरही लिहिलंय. शिरस्ता असा की आधी आवाज बंद, व्हिडिओची चौकट लहान, आणि काय दिसणार आहे याची कल्पना असल्याशिवाय चालू करायचं नाही. पण मागून जाणाऱ्याला ती कल्पना नसते. म्हणून स्क्रीनवर बाजूने बघितलं तर काळी दिसणारी फिल्म, आणि मागे भिंत. चहावाल्या मावशींना मी सांगून ठेवलंय की चहा टेबलाच्या डावीकडच्या कपाटावर ठेवायचा, माझ्या मागून यायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, एवढं काय बघता तुम्ही?" मी म्हटलं, लढाईचं. त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या कपात साखर टाकते." तेव्हापासून दुपारच्या चहात साखर असते. मी साखर खात नाही. पण तो चहा पिते.

(चहा बरा आहे. कॉफीच्या मशीनमधून जे येतं त्याबद्दल न बोललेलं बरं. जेवायला खाली उतरलात तर रस्त्यापलीकडे पोळी-भाजी केंद्र आहे, साडेबाराच्या आत जा. मामलेदारची मिसळ इथून लांब पडते, आणि ती खाऊन दीडच्या बैठकीत कुणी जागं राहत नाही.)

शेजार संमिश्र. स्टार्टअपची पोरं, दोन विमा सल्लागार, एक बाई ऑनलाइन गणित शिकवतात. माझ्या कामाचं नाव ऐकून एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडून कार्ड मिळतं का? टोलला चालेल असं?" हसू नका. ठाण्यात 'मानवाधिकार' लिहिलेल्या लाल अक्षरांच्या पाट्या लावलेल्या किती गाड्या फिरतात ते तीन हात नाक्याला उभं राहून बघा. पैसे घेऊन पदं आणि ओळखपत्रं वाटणाऱ्या मंडळींमुळे आमच्या कामाची ही किंमत झालीय. मी त्यांना सांगितलं, एक तर मुंबईच्या वेशीवर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोलच नाही. दुसरं, असं कार्ड कुणालाच काही अधिकार देत नाही. आणि खरंच कुणा सरकारी अधिकाऱ्याकडून अन्याय झाला असेल तर १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोग आहेत, महाराष्ट्राचा मुंबईत आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत जायला हवं. हे ऐकून त्यांचा रस संपला.

गणिताच्या बाईंच्या भाचीला मात्र खरा रस होता. तिला 'यूएन'मध्ये जायचंय, आणि कुणीतरी तिच्याकडे 'प्रोसेसिंग'चे पैसे मागितले होते. तिला जे सांगितलं ते इथेही सांगते: संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत, अर्जाचे नाही, मुलाखतीचे नाही, प्रशिक्षणाचे नाही. पैसे मागितले की उठून यायचं. आणि थेट जिनिव्हाची स्वप्नं बघण्याआधी इथे काम कर. पी-३ दर्जाच्या, म्हणजे तिथल्या मधल्या फळीतल्या, जागेला सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो अनुभव वातानुकूलित परिसंवादांचा नसलेला बरा. शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर काम करणाऱ्या माणसांशी बोलायला शीक, फ्रेंच शीक, आणि ऐकताना मध्ये बोलायचं नाही हे शीक. तिसरं सगळ्यात अवघड जाईल असं दिसतंय.

पैशांचं. एका टेबलाचे महिना ६,५००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७०. छोटी रूम ताशी वेगळी, महिन्याला काही तास फुकट. एका महिन्याचं भाडं अनामत. वर्षाचं एकदम भरलं तर सूट देतात, मी घेत नाही, आणि कंत्राटावरच्या कुणीच घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात सल्लागाराला ३६ महिन्यांत जास्तीत जास्त २४ महिने काम देता येतं. मग सक्तीची विश्रांती. पगारी रजा नाही, पेन्शन नाही, आणि पैसे काम पोचवल्यावर, ते पसंत पडल्यावर. माझी संस्था त्याच पठडीतली. शिवाय गेली काही वर्षं या सगळ्याच संस्थांची पैशांची ओढाताण चाललीय, आज असलेलं काम पुढच्या तिमाहीत असेलच असं नाही. मॅनेजरला हे समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, तुमचं आणि आमच्या स्टार्टअपवाल्यांचं सेमच आहे." आहे खरं. तेव्हा महिन्याचा करार करा आणि सोडताना अनामत किती दिवसांत परत मिळणार ते लिहून घ्या. माझ्या आधीच्या जागेने, तीही ठाण्यातलीच, ते पैसे परत द्यायला पाऊणेक वर्ष लावलं होतं.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा एसीने घालवला, अर्धा त्या रजिस्टरने, अर्धा 'चोवीस तास'वाल्या जाहिरातीने. मॅनेजर नसता तर अडीच दिले असते. सांगितलेलं ऐकणारा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर होणारा मॅनेजर मला आजवर कुठल्याच कार्यालयात भेटलेला नाही, जिनिव्हाही त्यात आलं. वकील, समुपदेशक, आजाऱ्यांशी फोनवर बोलणारे डॉक्टर यांनी छोट्या रूमच्या भरवशावर यायला हरकत नाही, बूथच्या भरवशावर नाही.

चाचणीसाठी एक दिवस फुकट देतात. तो सोमवारी मागा. शुक्रवारी अर्धी जागा रिकामी असते, सगळं शांत वाटतं आणि बूथमधला आवाज कुठवर जातो ते कळत नाही. बरोबर कुणाला तरी न्या, आणि वर्तमानपत्र विसरू नका. इथे येतात ती दोन्ही इंग्रजी आहेत, आणि मराठी पेपर मोठ्याने वाचला तरच खालच्या फटीतून काय काय बाहेर पडतं ते मावशींनाही विचारता येतं.